डस्टी स्प्रिंगफील्ड ऐकायला घेतलीय, कोणती आवृत्ती घ्यावी?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. माझे मोठे मामा मर्चंट नेव्हीत होते. गेल्या दिवाळीत त्यांचं डोंबिवलीचं घर आवरताना माळ्यावरून चाळीसेक एलपी निघाल्या. बहुतेक ओल लागून वाकलेल्या. एक मात्र सरळ होती, जरी तिचं कव्हर वाळवीनं अर्धं खाल्लं होतं. 'डस्टी इन मेम्फिस', डस्टी स्प्रिंगफील्ड या ब्रिटिश गायिकेची. मामा म्हणाले, "ही तू ने. बाकीच्यांचं काय ते बघ."

मी शास्त्रीय गाणं आठ वर्षं शिकले. इंग्रजी गाणी कानावर पडली तेवढीच. यातलं 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' 'पल्प फिक्शन' सिनेमामुळे माहीत होतं, पण गाणारी कोण हे कधी शोधलं नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर रेकॉर्ड लावली. चौथं गाणं रँडी न्यूमन या अमेरिकन गीतकाराचं आहे. भिंती पातळ, शेजारीपाजारी बोलतायत की हिच्या माणसाचं हिच्यावर प्रेम उरलं नाही, आणि हिला ते सगळं ऐकू येतंय. आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ही बाई ते गाणं अगदी तसं म्हणते. शब्द लयीच्या किंचित मागून येतो, जणू उच्चारायचा की नाही हे अजून ठरत नाहीये. ओळ संपताना श्वास ऐकू येतो आणि तो लपवलेला नाही. माझ्या बाई म्हणायच्या, श्वास कुठे घेतेस ते कुणाला कळता कामा नये. इथे तो कळतो आणि त्यानंच गाणं काळजात उतरतं.

आता अडचण. रेकॉर्ड फार झिजलीय, टिकटिक सतत चालू असते. नवी प्रत घ्यायची म्हटलं तर एकीवर ११ गाणी दिसतात, एकीवर २५. शिवाय २०१५ साली निघालेला 'फेथफुल' नावाचा तिचा अल्बम दिसतो. ती तर १९९९ मध्ये गेली. हे काय प्रकरण आहे? आणि याआधीचं काय ऐकू? जाणकारांनी सांगावं.

लेस्टरकर

ताई, डोळे झाकून २५ गाण्यांची सीडी घ्या. एका पैशात दोन अल्बम पदरात पडतात.

मी इकडे इंग्लंडात, लेस्टरला, १९८५ साली आलो. १९८७ मध्ये पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीबरोबरचं तिचं गाणं इथल्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आमच्या होजिअरीच्या कारखान्यात दिवसभर रेडिओ चालू असे. ते गाणं लागलं की पस्तिशी-चाळिशीच्या बायका शिलाई मशीन थांबवायच्या. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, आम्ही शाळेत असताना हिच्यासारखं काजळ घालायचो आणि घरी मार खायचो. ती बाई त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रडली होती. तोवर मला डस्टी म्हणजे कुणीतरी जुनी गायिका एवढंच ठाऊक होतं.

सुरुवातीचं ऐकायचं तर १९६४ चा 'अ गर्ल कॉल्ड डस्टी' घ्या. फक्त एक सांभाळा. अमेरिकेतल्या कंपनीनं त्या काळात तिची सुटी गाणी जमवून वेगळ्याच एलपी काढल्या होत्या. नावं वेगळी, क्रम वेगळा. मी एकदा तेच गाणं तीनदा विकत घेतलं. ब्रिटनच्या मूळ यादीवरून चला.

दुसरी_बाजू

लेस्टरकरांचं अमेरिकन एलपींबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. पण २५ गाण्यांबद्दल मी त्यांच्या विरुद्ध मताचा आहे, आणि त्याचं कारण 'फेथफुल'मध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मेम्फिस. सप्टेंबर १९६८, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला अमेरिकन साउंड स्टुडिओ. निर्माते तीन : जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन. गिटारवर रेजी यंग, बासवर टॉमी कॉगबिल, ड्रमवर जीन क्रिसमन. या वादकांची पद्धत अशी की गायक समोर उभा राहून गायला लागला की त्याच्याभोवती साज बसवत जायचा. डस्टीची सवय नेमकी उलटी. लंडनमध्ये ती तयार वाद्यमेळावर गायची, हेडफोनमध्ये आवाज इतका मोठा ठेवून की स्वतःचा गळाही ऐकू येऊ नये. त्यात कुणीतरी सांगितलं की या जागी विल्सन पिकेट हा नावाजलेला सोल गायक उभा राहून गायला होता. तिच्या तोंडून स्वर फुटेना. वाद्यं मेम्फिसमध्ये झाली आणि तिचा अंतिम आवाज नंतर न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. म्हणजे अल्बमच्या नावात मेम्फिस आहे, पण ताईंना जो श्वास ऐकू आला तो न्यूयॉर्कचा.

त्याला काही जण तिची भीती म्हणतात. मला तो कान वाटतो. वेक्सलरनं सुरुवातीला डझनावारी गाणी ऐकवली, तिनं एकही पसंत केलं नाही. १९६६ च्या 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी'च्या वेळी स्टुडिओतला घुमारा मनासारखा मिळेना, तर ती जिन्यात उभी राहून गायली. सत्तेचाळीस टेक झाले म्हणतात. फिलिप्स कंपनीच्या त्या रेकॉर्डवर निर्माता म्हणून जॉनी फ्रान्झचं नाव आहे. पण कुठला साज कसा वाजावा याचा बराचसा निर्णय तिचा असे. श्रेय छापलं गेलं नाही. पुरुष असता तर त्याला परिपूर्णतेचा ध्यास म्हटलं असतं, हिला 'हट्टी' म्हटलं. याचा मला आजही राग येतो.

आणि माणूस म्हणूनही ती ताठ होती. डिसेंबर १९६४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली ती करारात अट घालून, की वर्णानुसार वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांसमोर गाणार नाही. केपटाऊनजवळ मिश्र श्रोत्यांसमोर गायली आणि सरकारनं तिला देशाबाहेर काढलं. १९६५ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांचा खास कार्यक्रम झाला, त्याचं सूत्रसंचालनही हिचंच.

एवढं करून अटलांटिक कंपनीनं काढलेला मेम्फिसचा अल्बम अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत ९९ व्या क्रमांकापर्यंत पोचून थांबला. पुढचा अल्बम फिलाडेल्फियात गॅम्बल आणि हफ या निर्मात्यांबरोबर केला. तो १९७० मध्ये अमेरिकेत 'अ ब्रँड न्यू मी' आणि ब्रिटनमध्ये 'फ्रॉम डस्टी विथ लव्ह' या नावानं निघाला. याच अटलांटिक कंपनीसाठी १९७१ मध्ये निर्माता जेफ बॅरीबरोबर तिसऱ्या अल्बमची गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि ती तशीच पडून राहिली. १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचला अटलांटिकच्या गोदामाला आग लागली. त्यात मूळ टेप जळाल्या. बॅरीनं स्वतःजवळ मिक्सच्या प्रती ठेवल्या होत्या म्हणून ती गाणी वाचली.

आता २५ चा हिशेब. १९९९ मध्ये ऱ्हायनो कंपनीनं मेम्फिसची मोठी आवृत्ती काढली. मूळ ११, वर १४ जास्तीची. त्या १४ मधली बरीचशी याच न निघालेल्या अल्बमची! एका अल्बमचं प्रेत दुसऱ्याच्या शेपटीला बांधलं होतं. मी स्वतः ती सीडी पंधरा वर्षं ऐकली आणि पंधराव्या-सोळाव्या गाण्यापर्यंत कान थकलेला असायचा. ही गाणी उरलीसुरली असणार असंच मी धरून चाललो. २०१५ मध्ये रिअल गॉन कंपनीनं ती 'फेथफुल' म्हणून स्वतंत्र काढली, तेव्हा पहिल्यांदा ती पहिल्या गाण्यापासून, ताज्या कानानं ऐकली. गाणी तीच, पण मला ती दुसऱ्याच कुणाची वाटली. मेम्फिसमध्ये ती दबून, जपून गाते. इथे मोकळी आहे. 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' आपण कॅरोल किंगच्या आवाजात ऐकलेलं असतं, ते हिच्याकडून ऐका आणि मग मला सांगा.

म्हणून माझा सल्ला : ११ गाण्यांचं मेम्फिस वेगळं घ्या, 'फेथफुल' वेगळं घ्या. दोन्ही एका बैठकीत नको, मध्ये एखादा दिवस जाऊ द्या. आणि मामांची एलपी टाकू नका. कोमट पाण्यानं हलकी धुऊन, नव्या सुईनं एकदा लावून बघा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मधल्या कागदाला पाणी लावू नका. टिकटिक अर्ध्यावर येईल.

लेस्टरकर

मान्य. माझी सीडी मी आजवर बाराव्या गाण्यानंतर बंदच करत आलोय, हे तुमचं वाचून लक्षात आलं. आज रात्री तेराव्यापासून सुरू करतो.

मंद्रसप्तक

दुसरी_बाजू काका, लेस्टरकर दादा, मनापासून आभार. दोन्ही मागवलीत.

काकांनी सांगितलं तशी एलपी धुतली आणि रविवारी प्लेअरसकट डोंबिवलीला नेली. मामांना आता उजव्या कानानं कमी येतं, म्हणून स्पीकर डाव्या बाजूला ठेवला. न्यूयॉर्कची हकीकत सांगितली तर म्हणाले, ठाऊक नव्हतं. ही रेकॉर्ड त्यांनी साउदॅम्प्टनला घेतली होती, १९७२ च्या हिवाळ्यात, जहाज दुरुस्तीला तीन आठवडे अडकलं होतं तेव्हा. बोटीवर प्लेअर नव्हता. घरी येईपर्यंत पाच महिने ती न ऐकताच बंकखाली कपड्यांत गुंडाळून ठेवली होती. दुकानात एकदाच ऐकलेलं गाणं कुठलं, ते मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, सुई उचलून स्वतःच चौथ्या गाण्यावर ठेवली. मामी स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली.

'फेथफुल' आलं की कळवते.