कोविड कक्षात रुग्णाच्या खाटेजवळ नेमके काय अवघड गेले?

प्रश्न (बी. एस्सी. नर्सिंग, तिसरे वर्ष, लातूर):
सर्वांना नमस्कार. महासाथीतील रुग्णसेवा या विषयावर मला वर्गात सादरीकरण करायचे आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग होऊन मृत्यू आला, हे आम्ही शाळेपासून वाचत आलो. पण २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांनी कोविड कक्षात काम केले, त्यांना प्रत्यक्ष काय कठीण गेले, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. सांगणे शक्य असेल त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर (अधिपरिचारिका, अतिदक्षता विभाग, मुंबई):
पीपीई किटमधल्या घामाविषयी पुष्कळ लिहून आले आहे. त्या किटने आमच्या हातांचे कसबच काढून घेतले होते, हे मात्र फारसे बोलले जात नाही. शीर शोधताना आमची भिस्त डोळ्यांपेक्षा बोटांच्या टोकांवर असते. दोन-दोन हातमोज्यांतून ती लागत नसे, गॉगलवर वाफ धरलेली असे आणि तापाने सुकलेल्या रुग्णाच्या शिरा आधीच बसलेल्या असत. एका आजींना सलाईन लावताना माझे दोन प्रयत्न फसले, तेव्हा त्यांनीच माझा हात थोपटून “सावकाश कर गं” असे म्हटले. किट एकदा उतरवले की टाकूनच द्यावे लागे, त्यामुळे सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते आपण समजू शकाल. शिवाय संसर्गाचा मोठा धोका किट उतरवतानाच असतो, म्हणजे शरीर पुरते थकलेले असताना सर्वांत जास्त सावध राहायचे.

त्याहून मोठी अडचण मनुष्यबळाची होती. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, माझ्याकडे एका पाळीत पाच रुग्ण असत. अशा रुग्णाला पालथे करायला चार-पाच जण लागतात, त्यातील एकाने केवळ डोक्याशी उभे राहून श्वासनळीतील नळी सांभाळायची असते, आणि तेवढा वेळ बाकीच्या खाटांजवळचे अलार्म वाजत राहतात. कोणाकडे आधी धावायचे, हे ठरवण्याचा तो भार घरी गेल्यावरही उतरत नसे.

उत्तर (ब्रदर, शासकीय रुग्णालय, विदर्भ):
सिस्टरांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे. आमच्याकडे ऑक्सिजनची धास्ती अधिक होती. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि रुग्ण दगावले, ती बातमी आली त्या रात्री आम्ही दोघे जण दर पंधरा मिनिटांनी सिलिंडरचे काटे पाहत होतो. मी तीन महिन्यांच्या करारावर होतो. केंद्राने जाहीर केलेल्या ५० लाखांच्या विम्यात कंत्राटी कर्मचारीही होते, पण तो विमा मृत्यूनंतरचा. मला स्वतःला कोविड झाला, तेव्हा घरी काढलेल्या चौदा दिवसांचा पगार कापला गेला. याचा उल्लेख आपण सादरीकरणात अवश्य करावा.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. नातेवाइकांना आत येता येत नव्हते, तेव्हा त्यांच्याशी बोलण्याचे काम कोणाकडे होते?

उत्तर (अधिपरिचारिका, मुंबई):
प्रकृतीची माहिती डॉक्टर देत. बाकीचे सगळे आमच्याकडे. कक्षाचा एक फोन पारदर्शक पिशवीत घालून आम्ही खाटेखाटेवर नेत असू. वर ज्या आजींविषयी लिहिले, त्यांना पुढे व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. व्हिडिओ कॉल लावायच्या आधी त्यांच्या मुलाने विचारले, “सिस्टर, आईची कवळी तोंडात आहे ना? त्याशिवाय ती कोणासमोर येत नाही.” नळी घालताना कवळी काढावीच लागते, म्हणून मी फोन कपाळाच्या आणि डोळ्यांच्याच बाजूला धरला. चौथ्या दिवशी त्या गेल्या. मृतदेहाच्या पिशवीची चेन लावण्यापूर्वी मी कवळी बसवली आणि मुलाला तसे कळवले; तो बराच वेळ काही बोलू शकला नाही. भरतीच्या वेळी कवळीच्या डबीवर नाव आणि खाटेचा क्रमांक लिहायला मला दोन मिनिटे मिळाली होती, म्हणून ती सापडली. पुढच्या आठवड्यात एका पाळीत सात रुग्ण आले आणि अशा तीन डब्या नावाविना राहिल्या.