नाशिकहून गाडीने उज्जैनला निघालोय, वाटेत इंदूरला एकच दिवस आहे. काय बघू, काय सोडू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाशिक, इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर असं गाडीने करून परत येणार आहोत. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईला एकाहत्तरावं चालू आहे, दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्याला अर्धा तास आरामात चालते, पण जिने नकोत. शुक्रवारी संध्याकाळी इंदूरला पोहोचायचं, शनिवार पूर्ण इंदूरसाठी, रविवारी पहाटे उज्जैनला निघायचं, असं ठरलंय.

नवऱ्याने यादी काढलीय : राजवाडा, लालबाग, काच मंदिर, खजराना गणपती, प्राणी संग्रहालय, पाताळपाणी, खाण्यासाठी छप्पन दुकान आणि रात्री सराफा. वाचूनच दम लागला. आईची इच्छा मात्र एकच आहे, अहिल्याबाईंचं घर बघायचं. तीस वर्षं येवल्याला प्राथमिक शाळेत शिकवलं तिने. दरवर्षी अहिल्याबाईंबद्दल मुलांना सांगताना तिचा आवाज बदलायचा, ते मी तिच्याच वर्गात बसून ऐकलंय. तिचं राहू नये एवढंच मला वाटतं.

यातलं काय गाळू? आणि गाडी कुठे ठेवायची?

शिरपूरकर

ताई, रस्त्याचं मी सांगतो. महिन्यातून दोनदा तरी मालाच्या कामाने इंदूरला जातो. नाशिकहून चारशे किलोमीटरच्या आसपास धरा. धुळे, शिरपूर, पळासनेर, मग बिजासन घाट चढून सेंधवा. रस्ता रुंद आहे, पण घाटात ट्रकांच्या रांगा लागतात, तिथे घाई करू नका. सकाळी सातला निघालात तर चहा-जेवण धरून उजेडात पोहोचाल. खलघाटला नर्मदेवरचा पूल लागेल. आईंना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडची मोठी माणसं तिथे गाडीतूनच हात जोडतात.

खरी काळजी येताना घ्या. बिजासन घाट उतरताना लांब उतार आहे, तिथे ब्रेक तापलेले ट्रक मागून येतात. खालच्या गिअरमध्ये उतरा, ट्रकच्या पुढे-मागे चिकटून राहू नका. मी तिथे वाईट अपघात पाहिलेत, म्हणून एवढं सांगतोय.

मल्हारगंजवाली

गोदाकाठताई, तुमचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. आमची इंदूरमधली ही चौथी पिढी. पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं चालतं.

आधी आईंचं. इंदूरच्या राजवाड्याला अहिल्याबाईंचं घर समजून आलात तर आईंचा थोडा विरस होईल. वाडा मल्हाररावांनी उभारायला घेतला, 1747 साली. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 राज्य केलं ते महेश्वरहून. त्यांचा राहता वाडा, त्यांची गादी, त्यांच्या पूजेतली शिवलिंगं, सगळं महेश्वरला. तुम्ही ओंकारेश्वरहून परतणारच आहात, तर बडवाह, मंडलेश्वर करत महेश्वरला या आणि धामनोदला हायवे धरा. वाकडी वाट नाही. वाड्याच्या बऱ्याच जवळ गाडी जाते. घाटाला पायऱ्या आहेत, तिथे आईंना वरूनच नर्मदा दाखवा. गादी अगदी साधी आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार इथून चालला, हे त्या बैठकीसमोर उभं राहिल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी दुसरं काहीही गाळा.

आता शनिवार. पाताळपाणी गाळा, ते शहराबाहेर आहे आणि धबधब्याची मजा पावसाळ्यात. प्राणी संग्रहालय गाळा. खजराना फार लांब नाही, पण शनिवारी गर्दी असते. आईंना गणपती हवाच असेल तर सकाळी लवकर उरकून घ्या.

सकाळी पोहे. इंदूरचे पोहे आपल्या कांदेपोह्यांच्या अपेक्षेने खाऊ नका. परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते, पोहे वाफेवर ऊन राहतात, म्हणून मऊ आणि मोकळे. बडीशेपेचा वास, किंचित गोडसर चव, वरून कच्चा कांदा, शेव आणि जीरावन. जीरावन म्हणजे आमचा भुरभुरायचा मसाला, आंबट-तिखट. सोबत जिलबी. पोह्यांचा घास, मग जिलबीचा तुकडा, असं आलटूनपालटून खायचं. कुठल्याही गर्दीच्या गाडीवर खा, नावाच्या मागे लागू नका.

मग काच मंदिर. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत, सगळं काचेचं. अर्धा तास पुरतो, आणि मुलाला हे नक्की आवडेल. दुपारी मात्र हॉटेलवर जाऊन झोपा. खरंच झोपा. दुपारी फिरत राहणारे पाहुणे रात्री नऊला गळून पडतात आणि इंदूर तर तेव्हा जागं होतं.

चारच्या सुमारास गाडी हॉटेलवरच ठेवून रिक्षाने राजवाड्याला या. राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार इथे गाडी आणायचा विचारही करू नका, गल्ल्या अरुंद आणि शनिवारी पाय ठेवायला जागा नाही. वाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. आईंना वर चढायची गरज नाही. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, त्यांचा खंडोबा त्यांच्यासोबत माळव्यात आला. 1801 मध्ये हा वाडा जाळला गेला, 1984 च्या दंगलीत पुन्हा जळला. मागचा भाग नंतर परत बांधून काढला. माझ्या वडिलांनी 1984 चा धूर आमच्या गच्चीवरून पाहिला होता. ते वाड्यासमोरून जाताना आजही बोलायचं थांबतात.

तिथून रमतगमत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांकडे जा, जवळच आहेत. दगडातलं कोरीव काम संध्याकाळच्या उजेडात बघा.

सराफ्यात साडेनऊच्या आधी जाऊ नका, सोन्याची दुकानं मिटल्यावरच तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. आणि जेवून जाऊ नका! आईंना भुट्ट्याचा कीस द्या, मक्याचा कीस तुपावर दुधात शिजवलेला, दातांना त्रास नाही. डिसेंबर म्हणजे गराडू, तळलेला कंद, मिळणार, तो फक्त थंडीतच. शिकंजी मागितलीत तर लिंबूपाणी येणार नाही, आमची शिकंजी घट्ट दुधाची असते.

उज्जैन पंचावन्न किलोमीटर आहे. पहाटेचा हट्ट सोडा, आठला निघा.

पुणे_ते_भोपाळ

ताईंशी बाकी सगळं सहमत, पण लालबाग का गाळला? तुकोजीराव होळकरांचा तो थाट, आतली युरोपीय धाटणीची दालनं, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दाराबरहुकूम घडवलेलं फाटक. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं मोठं लोखंडी फाटक आयुष्यभर लक्षात राहील. फक्त सोमवारी बंद असतो.

मल्हारगंजवाली

दादा, लालबाग मलाही आवडतो, शाळेची सहल तिथेच जायची आमची. पण आतली दालनं फिरायची म्हणजे चालणं आलं, आणि संध्याकाळसाठी आईंचे पाय राखायचेत. बाबा आणि मुलगा दुपारी जाऊन येतील, आई-लेकी झोपतील. असं चालेल का?

गोदाकाठ

परत आलो. पंधरा दिवस झाले, पण इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

दुपारी दोघं लालबागला गेले, आम्ही दोघी झोपलो. ताई, तुमचं एकच ऐकलं नाही आणि फसलो. मुलाला भूक लागली म्हणून आठलाच सराफ्यात पोहोचलो. निम्मी दुकानं उघडी, आत दिव्यांखाली सोनं, आणि खायला काहीच नाही. मुलगा रडकुंडीला आला. आईला उभं राहवेना. एका सराफांनी ते पाहिलं, काही न विचारता दुकानाच्या पायरीवर गादीचं आसन टाकलं आणि म्हणाले, "बैठिए माताजी."

त्या पायरीवर आई दीड तास बसली. समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं, मालकाने कुलूप दोनदा ओढून पाहिलं, कुलपाला हात लावून कपाळाला लावला. तो वळतोय तोवर एक पोरगा शटरला टेकवून फळकुटं मांडायला लागला, मागून शेगडी आली, मग कढई. तासाभरात सगळी गल्ली तशीच पालटली. आईने हे सगळं टक लावून पाहिलं. मला म्हणाली, "एकच जागा दोन घरं पोसते बघ."

गराडू तिला फार आवडला. तो माणूस तळलेले तुकडे पुन्हा कढईत सोडायचा, कड लालसर झाली की काढून पानावर लिंबू पिळायचा आणि मसाल्याची चिमूट टाकायचा. सुरणाच्या जवळची चव, पण आतून रताळ्यासारखं मऊ. कीस दोनदा घेतला. मुलाने जलेबा खाल्ला, त्याच्या तोंडाएवढा.

आणि महेश्वर. गादीसमोर आई गेली, चप्पल काढून उभी राहिली. आता काहीतरी सांगेल असं मला वाटलं. काही बोलली नाही. बाहेर आल्यावर फक्त विचारलं, "त्या हे सगळं मांडी घालूनच करत असतील ना गं?" नंतर घाटाच्या वरच्या कठड्याशी बसलो, खाली नर्मदेत नावा होत्या, आणि तिने मुलाला तोच धडा सांगितला, येवल्याच्या वर्गात सांगायची तसाच.

शिरपूरकर दादा, उतारावर तुमची आठवण काढत खालच्या गिअरमध्ये आलो.

ताई, जीरावनची दोन पाकिटं आणलीत. घरच्या पोह्यांवर घातलं तर ती चव येत नाही. पोहे वाफेवर ठेवायचे म्हणजे नेमकं कसं, झाकण ठेवून की उघडे?

मल्हारगंजवाली

वाचता वाचता डोळे भरले. आईंना माझा नमस्कार सांगा.

पोहे उघडेच, अधूनमधून हात फिरवायचा. खालचं पाणी उकळतं राहू दे, पण परातीला टेकता कामा नये. आणि फोडणीत बडीशेप घातलीत का?