रूथचं मनन नेहमी सुनांनाच का? शेतमालकांनी कधी ऐकायचं?

बोरीकाठ
हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत बायबलातल्या रूथच्या पुस्तकावर मनन झालं. मवाबातली विधवा सून सासूला, नामीला, सोडत नाही. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव म्हणते. संदेशाचा सगळा रोख सुनांकडे. बाया डोळे पुसत होत्या. मग अर्पणाच्या मालाचा लिलाव झाला आणि दाळगं-टोपल्या रिकाम्या करून आम्ही घरी आलो.

मला बोलायचंय ते दुसऱ्या अध्यायाबद्दल. तो बहुतेक शेतात घडतो. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात नियम आहे की शेताचे कोपरे कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं, वेचू नका. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात तर विसरलेली पेंढी आणायलाही परत जाऊ नका म्हटलंय. ती परदेशी, अनाथ आणि विधवेची. या तिघांपैकी रूथ परदेशी आणि विधवा दोन्ही आहे. शेतमालक बवाज त्या नियमाच्याही पुढे जातो. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम चार काड्या गाळा आणि तिला दटावू नका. संध्याकाळी तिने झोडपलं तेव्हा एफाभर सातू निघाले. एफा म्हणजे बावीसेक लिटरचं माप, सातूचे तेराएक किलो तरी. एका दिवसाच्या सरव्याचे!

गेल्या हंगामात पारोळ्याकडच्या एका शेतात मी काय पाहिलं ते सांगतो. शेवटची वेचणी होऊन गेली होती. सातपुड्यातून मजुरीला आलेल्या दोन बाया पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, उरलेली कवडी, म्हणजे हलका कापूस, वेचत होत्या. मालकाने त्यांना ओटी झटकायला लावली. मूठ-दोन मूठ पिवळट कापूस मातीत पडला आणि तो तिथेच राहिला, मालकानेही उचलला नाही. हा मालक दर रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर असतो. हे मनन त्याला, मला, आपल्या सगळ्या जमीनवाल्यांना कोण सांगणार?

तीन एकर कपाशी
भाऊ, मीही विश्वासणारा आहे, आणि मला हे लागलं म्हणून लिहितो. बवाज 'मोठा धनवान' होता, हे दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे. तीन एकरवाल्याला बवाज करू नका. बियाणं, खत, फवारणी, वरून वेचणीचा किलोमागे दर. माल विकून सोसायटीचं कर्ज फेडलं की मीच नामी होतो, रिकाम्या हाताने परत आलेला.

दुसरं, सरव्याच्या नावाखाली भरली बोंडंही जातात. माझ्या बांधावरून गेलीत. तिसरं, गुलाबी बोंडअळी. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पुढच्या बोंडांसाठी राखलेली कपाशी, ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेवर उपटा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, कारण उरलेल्या बोंडांत अळी दबा धरून बसते. आता शेतात काही राखलं तर पुढच्या वर्षी शेजाऱ्याचंही पीक जाईल. लेवीयाच्या काळात हा प्रश्न नव्हता.

सकाळची उपासना
माझी हरकत वेगळी आहे. आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत. बवाज हा सोडवणारा आप्त, म्हणजे अडचणीतल्या नातलगाला आणि त्याच्या जमिनीला सोडवणारा जवळचा नातलग आहे, त्याच्यात प्रभू येशूची छाया आहे. ज्याला काही हक्क नाही त्याला तो आपल्या पंखाखाली घेतो, हे रूथचं सार. त्याला कपाशीच्या सरव्यावर आणून ठेवलं तर बायबल म्हणजे शेतीचं परिपत्रक होईल. मनन हृदयासाठी असतं. हृदय बदललं की हात आपोआप उघडतो.

बोरीकाठ
आपोआप उघडला असता तर ओटी झटकावी लागली नसती. सोडवणारा आप्त चौथ्या अध्यायात येतो, पण त्याची ओळख रूथला दुसऱ्या अध्यायात भाकरीतून होते. पंडिता रमाबाईंनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते 1924 मध्ये छापून निघालं. शेतातल्या बाईला कळावं म्हणूनच ना ती मेहनत? मग त्या बाईच्या ओटीतला कापूस मननाबाहेर का?

अळीचा मुद्दा मात्र मान्य. पऱ्हाट्या उपटायच्याच आहेत. मी म्हणतो, उपटण्याआधी दोन दिवस शेत मोकळं सोडा.

नवापूरची सून
दादांनो, तुम्ही बांध, अळी आणि कृपा यावर बोलताय. मी नऊ वर्षं दुसऱ्याच्या शेतात निंदणी-वेचणी केलीय, म्हणून दोन वचनं दाखवते.

दुसऱ्या अध्यायातलं नववं वचन. बवाज रूथला सांगतो, तुला हात लावायचा नाही अशी ताकीद मी गड्यांना दिली आहे. म्हणजे हात लागण्याची भीती होती, आणि ती मालकाला ठाऊक होती. सरवा वेचणारी बाई शेतात एकटी असते. या वचनावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही.

चौदावं वचन. ती त्यांच्यात बसून शिरक्यात बुडवून भाकर खाते, बवाज तिला भाजलेलं धान्य देतो, आपल्या हुरड्यासारखं. ती पोटभर खाते आणि उरलेलं नामीसाठी घेऊन जाते. मी हे पदराच्या गाठीत बांधून रोज केलंय. सुनेची सेवा ऐकवा, खुशाल ऐकवा. पण तिला आधी पोटभर मिळालं होतं, हेही ऐकवा.

तीन एकर कपाशी
ताई, नववं वचन मी कित्येकदा वाचलं असेल, असं कधी दिसलं नाही. आमचा बाप भुईमूग निघाल्यावर पोरांना रान उकरू द्यायचा. आम्ही कुरकुर केली की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, गरीबना वाटा शे तो." तोही कर्जातच होता, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

कपाशीबद्दल माझं मत तेच आहे. वेचणी चालू असताना शेतात कुणी शिरलेलं मी चालवून घेणार नाही. माल घरात आल्यावर, पऱ्हाट्या उपटायच्या आधी, दोन दिवस देईन. पण आधी येऊन सांगायचं.

नवापूरची सून
सांगायला येईल. रूथनेही आधी विचारलं होतं, सातव्या वचनात आहे. फक्त उत्तर द्यायला बांधावर गड्याला पाठवू नका, तुम्ही स्वतः या.