गोल्फ स्पर्धेत मार्शलचं काम : बॉलवर नजर ठेवायची कशी?

मंडळी, मदत हवी आहे. एका व्यावसायिक गोल्फ स्पर्धेसाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं, ते पक्कं झालंय. काम मार्शलचं, म्हणजे होलवर गर्दी आणि बॉल सांभाळायचं. टीव्हीवर गोल्फ भरपूर बघते, जमेल तसं खेळतेही, पण स्पर्धेत प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीच्या आत कधी उभी राहिलेले नाही. नेमणूक एका पार ५ होलवर (पाच फटक्यांत पुरं होणं अपेक्षित असलेलं लांब होल), फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, उजवीकडे, जिथे ड्राइव्ह, म्हणजे पहिले लांब फटके, येऊन पडतात तिथे.

माहितीपत्रकात गणवेश, पार्किंग, हजेरीची वेळ सगळं तपशिलात आहे. प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र एवढंच : गर्दी शांत ठेवा, बॉलवर लक्ष ठेवा. आता टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, माझ्यापासून पावणेतीनशे मीटर लांब, बॉल जेमतेम सव्वाचार सेंटीमीटरचा, आणि आकाश ढगाळ असलं तर तो दिसणार कसा? शिवाय शोधताना माझाच पाय लागला तर दंड खेळाडूला बसतो का? कोणी काम केलं असेल तर सविस्तर लिहा.

जुना मार्शल :
बॉल हवेत पकडायच्या नादाला लागू नका. आधी टीवरच्या मार्शलकडे बघा. फटका बसला की तो हाताने दिशा दाखवतो : उजवा हात आडवा, डावा आडवा, किंवा सरळ गेला तर ठरलेली वेगळी खूण. खुणा स्पर्धेगणिक थोड्या बदलतात, म्हणून सकाळीच होल कॅप्टनला (त्या होलवरच्या मार्शलांचा प्रमुख) विचारून घ्या. बॉल सहा-सात सेकंद हवेत असतो, तेवढ्यात योग्य बाजूला वळायला वेळ मिळतो. मग कान उघडे ठेवा. रफमध्ये (फेअरवेच्या कडेच्या उंच गवतात) पडल्याचा धप्प आवाज येतो आणि आसपासच्या प्रेक्षकांच्या माना एकदम एकीकडे वळतात. त्या माना फार उपयोगी!

पडलेला दिसला की नजर न हलवता त्याच्या रेषेतली एखादी खूण धरा, झाडाचं खोड म्हणा, स्प्रिंकलरचं झाकण म्हणा, आणि तिच्याकडे चालत जा. खाली बघत चालायला लागलात की जागा हरवलीच. सापडला की जवळ छोटा झेंडा रोवा (बहुतेक ठिकाणी देतात) आणि लोकांना लांब ठेवा. बॉल उचलायचा नाही, गवतही सारखं करायचं नाही.

घाई का, तर २०१९ पासून शोधायला ५ ऐवजी ३ मिनिटंच मिळतात. ती खेळाडू किंवा त्याचा कॅडी (बॅग सांभाळणारा मदतनीस) शोधायला लागल्यावर सुरू होतात. म्हणजे ते पोचायच्या आत तुम्हाला सापडला तर घड्याळ सुरूच होत नाही.

पाय लागल्याची काळजी सोडा. शोधताना चुकून हलला तर कुणाच्याच पायाने का असेना, दंड नाही. बॉल मूळ जागी परत ठेवतात. फक्त कुठून हलला ते खरं खरं सांगा. हळूच पायाने मागे सरकवून गप्प बसणारे महाभाग पाहिलेत.

दोरीजवळचा :
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली. झेंडा रोवायला गेलात तरी टीकडे पाठ करू नका. त्याच गटातल्या दुसऱ्या खेळाडूचा फटका अजून बाकी असू शकतो. २०१८ च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सामना) अमेरिकेच्या ब्रुक्स केपकाच्या टीवरून मारलेल्या फटक्याने एका प्रेक्षक महिलेच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. दिशा चुकलेली दिसली की मोठ्याने 'फोर' (बॉल येतोय, सांभाळा!) ओरडा. संकोच नको, उगाच ओरडलात तरी कोणी काही म्हणत नाही.

आणि हात वर करून शांत करायचं ते खेळाडू बॉलपाशी उभा राहून स्टान्स (फटक्यासाठी पाय रोवून पवित्रा) घेतो तेव्हा. तो अजून कॅडीशी क्लबवर चर्चा करत असताना हात वर केलेत तर लोक दोनदा ऐकतात, मग कंटाळून बोलायला लागतात. हात वर असताना तुमचं तोंड गर्दीकडे हवं. उत्तम फटका तुमच्या पाठीमागे होणार, हे मान्य करूनच या कामाला जा. दिवसभर खेळ बघायचाय त्याने सरळ तिकीट काढावं.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. अजून एक शंका. खेळाडूने नियमाबद्दल काही विचारलं तर? मला बरेचसे माहीत आहेत.

जुना मार्शल :
माहीत असले तरी तोंड उघडायचं नाही. 'रेफरीला बोलावते' एवढंच म्हणा आणि वायरलेसवरून होल कॅप्टनला कळवा. १९९९ च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्सच्या बॉलपुढे भलामोठा दगड होता. नियमाच्या अधिकाऱ्याने तो सुटा अडथळा, म्हणजे दंडाशिवाय हलवता येणारी नैसर्गिक वस्तू, ठरवला आणि प्रेक्षकांनी मिळून ढकलून बाजूला केला. तुम्ही-मी तिथे मार्शल असतो तर 'छे, एवढा दगड हलवलेला कसा चालेल' म्हणून मोकळे झालो असतो.

मूळ प्रश्नकर्ती :
हे पटलं. विजा चमकायला लागल्या तर?

दोरीजवळचा :
भोंगा ऐका. एक लांब : खेळ ताबडतोब बंद, लोकांना आसऱ्याकडे पाठवा, स्वतःही जा. तीन सलग : साधी स्थगिती, मैदानावरचा गट हातातलं होल पुरं करू शकतो. दोन छोटे : खेळ पुन्हा सुरू, म्हणून त्याआधी आपल्या जागेवर परत या.