पेट्रोल शंभरीपार गेल्यावर रोजच्या फिरण्यात काय बदललं? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

१६ जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचे भाव रोज बदलायला लागले. त्याआधी पंधरवड्याला एकदम दोन-तीन रुपये वाढले की गल्लीत बोलणं व्हायचं. नंतर पैशापैशाने चढत गेलं आणि २०२१ मध्ये लिटरने शंभरी ओलांडली. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी उतरवलं, जुलैत राज्याने व्हॅट ५ रुपयांनी कमी केला, तरी भाव शंभराच्या आत आला नाही.

भाव का वाढतात यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला ऐकायचंय ते घरातलं. कोणती फेरी बंद केली, आणि कोणती बंद करताच आली नाही? माझं सांगते. बार्शीला आईकडे आम्ही सगळे गाडीने जायचो. आता मी एकटीच एसटीने जाऊन येते. पैसे वाचतात, पण मुलांना आजी फार कमी भेटते, आणि ते मनाला लागतं.

शिक्षिका, मोहोळ तालुका
आम्ही चौघी एका गाडीत जायचो, पेट्रोल वाटून घ्यायचो. मार्च २०२३ मध्ये महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि तिघींनी गाडी सोडली. माझी शाळा मात्र वस्तीवर आहे, फाट्यापासून आत एसटी जात नाही. मग फाट्यावर ओळखीच्या दुकानदाराकडे जुनी स्कूटी ठेवली. सोलापूर ते फाटा एसटी, पुढे स्कूटी. पावसाळ्यात त्रास होतो, पण महिन्याचा खर्च खरंच खाली आला. बाकीच्या बायकांनाही हेच सुचवेन.

यंत्रमाग कामगार, कुंभारी
गाडी कमी चालवा म्हणतात लोक. आम्ही कुठली कमी करायची ओ? विडी कामगार बायकांसाठी इथं १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, म्हणून आमच्या आईला हक्काचं घर मिळालं. त्याचं मोल मी जाणतो. पण काम शहरात राहिलं अन् घर इकडं आलं. रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते, रिक्षावाला सीट भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून मोटरसायकल लागतेच. पेट्रोल वाढलं तसं आम्ही दोघं-तिघं एकाच गाडीवर जायला लागलो. तिघं बसणं धोक्याचं, पोलीस धरतात, हे कळतं. तरी जातो. पगार आठवड्याला होतो आणि त्यातलं पेट्रोलचं आधी बाजूला काढावं लागतं, किराणा नंतर.

गॅरेज, सात रस्ता परिसर
वरच्या कुंभारीच्या दादाचं वाचून सांगावंसं वाटलं. पेट्रोल महागलं की लोक पहिली काटछाट सर्व्हिसिंगवर करतात. ऑईल काळं होईस्तोवर चालवतात, चेन सुकलेली, हवा कमी. अशी गाडी तेवढ्याच अंतराला जास्त पेट्रोल पिते आणि शेवटी इंजिनचं काम निघतं. हवा दर आठवड्याला बघा, एअर फिल्टर साफ ठेवा. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. तिघं बसून येत असाल तर मागच्या टायरकडं नीट लक्ष द्या. कुंभारीच्या कुणीही या, हवा आणि चेन बघायचे मी पैसे घेत नाही.

कांदा शेतकरी, मंद्रूपकडून
शहरातल्या माणसाला पेट्रोल दिसतं, आम्हाला डिझेल. नांगरट, रोटर, फवारणीचं पाणी, सगळं ट्रॅक्टरवर, आणि शेवटी सोलापूरच्या मार्केट यार्डाला पिकअप. भाडं गाडीवाला डिझेलप्रमाणे वाढवतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण कांद्याचा भाव पडला म्हणून भाडं उतरत नाही. पट्टीतून, म्हणजे आडत्याच्या हिशेबातून, हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन हातात काय येतं ते घरी सांगवत नाही. आता आम्ही शेजारी मिळून एकच मोठी गाडी करतो, गोण्यांवर खुणा करतो. त्यात अडचण अशी की सगळ्यांचा माल एकाच दिवशी तयार लागतो. कुणाचा कांदा ओला असला तरी भरावा लागतो आणि त्याला दर कमी मिळतो.

विजापूरकडं जाणारे ट्रकवाले भीमा ओलांडून कर्नाटकात टाकी भरायचे, तेव्हा तिकडं डिझेल स्वस्त पडायचं. ट्रॅक्टरला तो मार्ग नव्हता.

शेळगी
जून २०२३ मध्ये अनुदान घटायच्या आधी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. नवी पेठ, बाजार, मुलीची शाळा, सगळं तिच्यावर. स्वतःचं घर आहे म्हणून अंगणात चार्जिंग होतं. भाड्याने राहणाऱ्या माझ्या बहिणीला मालकाने चार्जिंगचा बोर्ड लावू दिला नाही, ती अजून पेट्रोलवर आहे.

निवृत्त, होटगी रोड
पंचाहत्तरी झाली, एसटी फुकट आहे. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला आता मुलाकडे गाडी मागावी लागत नाही. घरापासून स्टँडपर्यंतची रिक्षा मात्र एसटीच्या जुन्या तिकिटापेक्षा महाग पडते. शहरात सिटी बस पुरेशा असत्या तर तेही सुटलं असतं.

यंत्रमाग कामगार, कुंभारी
गॅरेजवाल्या दादांनी बोलावलं, रविवारी येतो. अन् काकांचं सिटी बसचं बरोबर हाय. आमच्याकडं पाळी सुटायच्या वेळेला एक बस जरी लागली तरी निम्मे लोक गाडी घरी ठेवतील. वसाहतीत सह्या गोळा करायचं चाललंय. एमआयडीसीतल्या बाकीच्या कारखान्यांच्या पाळीच्या वेळा कुणाला ठाऊक असतील तर इथं लिहा, अर्जात घालायच्या आहेत.