मदत हवी आहे: बाबा (७४) रोज चालतात, पण पाटावरून उठता येत नाही

नमस्कार. घरातल्या ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आम्ही साताऱ्याचे. बाबांचं शरीर तालमीतलं, जोर-बैठकांवर पोसलेलं. निवृत्तीनंतरही पहाटे अजिंक्यतारा चढून सातला चहाला घरी. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गड थांबला तो थांबलाच. आता सपाट रस्त्यावर रोज चाळीस मिनिटं भरभर चालतात, एक दिवस चुकत नाही. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

यंदा गणपतीत पूजेला पाटावर बसले आणि उठता येईना. एक हात जमिनीवर, दुसरा टेबलाच्या कडेला. शेवटी मी काखेत हात घालून उठवलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पाटाच्या जागी स्टूल आलं. मला ते स्टूल बघवत नाही.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्याची झीज वयाच्या मानाने थोडी, मांड्यांची ताकद मात्र गेली आहे म्हणाले. "व्यायाम करा", पण कोणता ते सांगितलं नाही. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही.

मग मी वाचायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तो बाबांचा चालण्यात होतो. पण त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सांगितलाय. तो आमच्याकडे शून्य! खुर्चीची चाचणीही घेतली: हात छातीवर धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ च्या पुरुषांत १२ पेक्षा कमी झालं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. बाबांचे सात झाले.

सुरुवात कुठून करू? बीपी असताना काय सांभाळायचं? आणि ते म्हणतात, "बैठकांचं वय गेलं रे." त्यावर काय बोलू?

प्रतिसाद १

माझ्या आईचं (७८) दीड वर्ष चालू आहे, म्हणून लिहितेय. बीपीचं डॉक्टरांच्या कानावर घाला आणि खुर्चीपासूनच सुरू करा. खुर्ची भिंतीला टेकवा, सरकायला नको. वर एक जाड उशी ठेवा. आठ-आठच्या दोन फेऱ्या, एक दिवस आड. खाली बसताना मनात तीन मोजत सावकाश बसायचं, खरी मेहनत तिथेच आहे. उठताना श्वास सोडायचा. रोखून धरला की बीपी एकदम चढतं. सहज जमू लागलं की उशी काढायची, मग हातात पाण्याची बाटली. तोलासाठी ओट्याला धरून टाचा उचलणं, पुढे एका पायावर उभं राहणं. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. जेवणात डाळ, दही, अंडं वाढवा.

आणि वयाचं म्हणाल तर बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. तो अभ्यास १९९० मध्ये छापून आला. पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. बाबांना हे नक्की सांगा.

धागाकर्ता

मनापासून आभार. बीपीचं डॉक्टरांशी फोनवर बोललो, त्यांची हरकत नाही. आज सकाळी बाबांनी उशी ठेवून केलं. सावकाश बसताना सहाव्यालाच मांड्या थरथरल्या, तरी आठ पुरे केले. नव्वदीवाल्यांचं दोनदा विचारून घेतलं. एकच शंका: उठताना त्यांचा उजवा गुडघा आत वळतो. हे चालू ठेवू, की आधी फिजिओथेरपिस्टला दाखवू?