कोफिलिन-१ पेलेटमध्ये येतच नाही, दोष प्रोटीनचा की असेचा (चाचणीचा)?

प्रश्न (पेलेट_कुठाय)

ई. कोलायमध्ये बनवलेलं मानवी कोफिलिन-१ (ॲक्टिनच्या तंतूंना चिकटणारं आणि ते तोडणारं प्रोटीन) वापरतोय, एन-टोकाला (साखळीच्या सुरुवातीला) हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) आहे. जेलवर बँड २१ किलोडाल्टनच्या आसपास, बऱ्यापैकी स्वच्छ. सशाच्या स्नायूचं ॲक्टिन ५ मायक्रोमोलर, पॉलिमराइझ केलेलं (म्हणजे फिलामेंट, तंतू बनवलेलं), त्यात कोफिलिन ५ मायक्रोमोलर. ट्रिस पीएच ८.०, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर एटीपी. अर्धा तास ठेवून १,००,००० जी ला ३० मिनिटं, ४ अंशांवर स्पिन.

पेलेटमधलं (तळाशी बसलेल्या गोळ्यातलं) ॲक्टिन निम्म्यावर येतं आणि कोफिलिन जवळजवळ सगळं सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात). फिलामेंट टिकावेत म्हणून फॅलॉयडिन (फिलामेंट घट्ट धरून ठेवणारं विष) घातलं, तर ॲक्टिन पूर्ण पेलेटमध्ये आलं, पण कोफिलिन अजिबात नाही. पायरिन असेमध्ये (ॲक्टिनला लावलेल्या चमकणाऱ्या लेबलचा प्रकाश मोजतात; फॅलॉयडिनशिवाय) कोफिलिन टाकल्यावर काही सेकंदांतच सिग्नल कोसळतो. इतक्या झटपट डिपॉलिमरायझेशन होतं का? की प्रोटीनच खराब आहे?

उत्तर १ (थंडखोली)

प्रोटीन फेकू नका. ॲक्टिन पेलेटमधून कमी होतंय म्हणजे ते काम करतंय. घोळ पीएचचा आहे. कोफिलिन ६.५ ते ६.८ ला फिलामेंटला धरून बसतं आणि त्याच्यासोबत खाली येतं. ८ च्या पुढे ते फिलामेंट मोडून मोनोमर वाढवतं. त्यात तुम्ही स्पिन ४ अंशांवर करताय. खोलीच्या तापमानाला ८.० ला लावलेलं ट्रिस थंड झाल्यावर साधारण ८.६ होतं. म्हणजे बाइंडिंग बघायचं म्हणून तुम्ही नेमकी उलटी परिस्थिती तयार केलीत.

हे करून बघा: २० मिलिमोलर पाइप्स पीएच ६.८, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईजीटीए, ०.२ मिलिमोलर एटीपी, १ मिलिमोलर ताजं डीटीटी (डायसल्फाइड बंध होऊ न देणारं रसायन). एटीपीचा स्टॉक आधी पीएच ७ ला आणा, नाहीतर तोच बफर खाली खेचतो. ॲक्टिन ३ मायक्रोमोलर कायम ठेवून कोफिलिन ०, १, २, ४, ८ असं चढवत न्या. स्पिन २० ते २५ अंशांवर. १५ टक्क्यांचं जेल घ्या. सुपरनेटंट आणि पेलेट दोन्ही सारख्याच आकारमानात आणून चालवा, नाहीतर टक्केवारी निरर्थक.

बँड वाचताना एक लक्षात ठेवा. कुमासी (जेल रंगवायचा रंग) साधारण वजनाच्या प्रमाणात रंगते. कोफिलिन १८.५ किलोडाल्टन, ॲक्टिन ४२. एकास एक बसलं तरी टॅग नसलेल्या कोफिलिनचा बँड ॲक्टिनच्या निम्म्याहूनही थोडा कमीच गडद दिसणार. तो फिकट बघून 'बाइंडिंग नाही' असं लिहून टाकतात लोक.

उत्तर २ (फिलामेंट_तोड)

फॅलॉयडिनचं कोडं सोपं आहे: फॅलॉयडिन आणि कोफिलिन एकमेकांना फिलामेंटवरून हटवतात. कोफिलिन बसताना फिलामेंटचा पीळ बदलतो, फॅलॉयडिन तो बदलू देत नाही. त्यामुळे तो निकाल बरोबरच आहे, फक्त कंट्रोल चुकीचा निवडलाय. फॉस्फेटचंही तसंच. एडीपी-फॉस्फेट अवस्थेतलं ॲक्टिन कोफिलिनला फारसं आवडत नाही, म्हणून पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये) विरघळवलेलं कोफिलिन असेत टाकण्याआधी बफर बदला.

पायरिनबद्दल: कोफिलिन फिलामेंटवर बसलं की पायरिनचा प्रकाशच मंदावतो. पहिल्या काही सेकंदांतली घसरण मुख्यतः बाइंडिंगची असते, त्यानंतरची संथ उतरण डिपॉलिमरायझेशनची असू शकते. दोन्ही एकाच आलेखातून वेगळं काढायच्या भानगडीत पडू नका. तोडणं बघायचं असेल तर टर्फ मायक्रोस्कोपी (एकेक फिलामेंट दाखवणारी), आणि लेबल लायसिनवर. सिस्टीन-३७४ वरचं लेबल कोफिलिनच्या आड येतं. तिथे मायक्रोमोलर घालू नका, नॅनोमोलरपासून सुरू करा. फिलामेंट अर्धवट झाकलेला असताना, झाकलेल्या आणि उघड्या भागाच्या सीमेवर जास्त तुटतो. पूर्ण झाकला गेला की उलट टिकतो.

प्रश्नकर्ता

पीएच ६.८ ला कोफिलिन पेलेटमध्ये आलं! पण ॲक्टिन न घातलेल्या नळीतही थोडं खाली बसतंय. जुन्या व्हायलमध्ये जास्त.

उत्तर ३ (थंडखोली)

मग ते गोळा होतंय. कोफिलिन-१ मध्ये ४ सिस्टीन आहेत. डीटीटी संपलं की डायसल्फाइड जोडीने डायमर बनतात, आणि डायमर फिलामेंटच्या जुड्या बांधतो. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल न घालता जेल चालवा, दुप्पट वजनाला बँड दिसला तर तेच. वितळल्यावर १ मिलिमोलर डीटीटी घाला, बर्फावर तासभर ठेवा आणि ॲक्टिनमध्ये घालण्याआधी १,००,००० जी ला २० मिनिटं फिरवून फक्त वरचं घ्या. त्यानंतर परत कॉन्सन्ट्रेशन मोजा, लेबलवरचा आकडा आता लागू नाही. पुढच्या वेळी छोटे भाग करून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला ठेवा आणि एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

उत्तर ४ (फिलामेंट_तोड)

टॅगचंही बघा. कोफिलिनचं एन-टोक ॲक्टिनला टेकणाऱ्या पृष्ठावरच येतं, लिम कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) सेरीन-३ ला फॉस्फेट लावून ते बंद करतं ते याचमुळे. तिथे टॅग असेल तर बाइंडिंग कमजोर निघू शकतं, म्हणून केडी (बाइंडिंग किती घट्ट याचा आकडा) छापायचा असेल तर टॅग टेव्ह प्रोटिएजने (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने) कापून घ्या. जीएसटी-फ्युजन (जीएसटी हा मोठा टॅग जोडलेलं प्रोटीन) तर नकोच, जीएसटी स्वतःच डायमर करतं. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून सेरीन-३ च्या जागी ग्लुटामेट असलेला म्युटंट त्याच पद्धतीने शुद्ध करून घ्या. तो पेलेटमध्ये फारच कमी यायला हवा.